विज्ञान शिक्षकांची पुढची पदवी : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

बार्शी असो, जालना असो वा सांगली. पेठेच्या गावात आडत दुकानामागे किंवा कापड दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबात आज एखादी विज्ञान शिक्षिका सहज आढळते. बी.एस्सी., बी.एड. झालेली घरची सून सकाळी शाळेत जाते, आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते आणि सायंकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन परतते. तिच्या नोकरीविषयी आता घरात कोणी कुरकुर करीत नाही. उलट नात्यागोत्यात तिचा उल्लेख अभिमानाने होतो. परंतु आठ-दहा वर्षांच्या अनुभवानंतर हीच सून पुढे शिकण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरते. मग सासरे म्हणतात, ‘‘शिकायला ना कोणाचीच नाही. पण दोन वर्षे आणि एवढा पैसा घालून हाती काय येणार?’’

या प्रश्नाने पुष्कळ शिक्षिका दुखावल्या जातात. वास्तविक दुखावण्याचे कारण नाही. माल भरण्यापूर्वी तो कोठे खपेल याचा विचार करणे हा ज्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वभाव आहे, त्या घरातून हाच प्रश्न येणार. तो योग्यच आहे. फक्त अपुरा आहे. ‘हाती काय येणार’ या तीन शब्दांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. नोकरीच्या नियमांत काय बदलेल, हा पहिला. स्वतःला विषय किती अधिक कळेल, हा दुसरा. आणि वर्गात समोर बसलेल्या मुलाला तो किती अधिक कळेल, हा तिसरा. कोणतीही एक पदवी या तिन्ही प्रश्नांचे उत्तर देत नाही. शेजारच्या शाळेतील बाईंनी एम.एड. केले म्हणून आपणही एम.एड., आतेबहिणीने एम.एस्सी. केले म्हणून एम.एस्सी., अशा रीतीने पदवी निवडली की दोन वर्षांनंतर पश्चात्तापाची पाळी येते.

नियमांचा भाग कोरडा असला तरी त्यापासूनच आरंभ केलेला बरा. महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षणशास्त्रातील पदविका वा पदवी आणि शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असते. नववी-दहावीसाठी बी.एस्सी., बी.एड. पुरते. अकरावी-बारावीला शिकवायचे, तर त्या विषयातील एम.एस्सी. किमान दुसऱ्या वर्गात आणि बी.एड. लागते. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे, तर एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण आणि त्यावर नेट किंवा सेट ही परीक्षा, अथवा पीएच.डी. विज्ञान विषयांची नेट परीक्षा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या नावाने होते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते.

येथे ‘त्या विषयातील’ या शब्दांवर बोट ठेवून थांबले पाहिजे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली शिक्षिका सोयीचे महाविद्यालय जवळ आहे म्हणून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयाच्या जाहिरातीत ‘रसायनशास्त्र’ हा शब्द वाचून हिरमुसते. शेजारचा विषय चालेल, असे गृहीत धरू नये. प्रवेश घेण्याआधी मागील दोन-तीन वर्षांतील भरतीच्या जाहिराती काढून शांतपणे वाचाव्यात. जो व्यापारी बाजारभाव पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही, त्याने हे काम सुनेसाठी आनंदाने करावे. तिला ते वर्गाच्या धबडग्यात जमत नाही.

पदव्युत्तर पदवी घेतली की मुख्याध्यापकपदाच्या रांगेत पुढे जाता येते, अशी एक दृढ समजूत खासगी शाळांतील शिक्षकांत आहे. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. तिच्या ज्येष्ठतेच्या परिशिष्टात माध्यमिक शिक्षकांचे प्रवर्ग दिलेले आहेत. त्यांत ‘क’ प्रवर्गात एम.एस्सी., बी.एड. आणि बी.एस्सी., बी.एड. हे दोन्ही एकाच ओळीत बसतात. प्रवर्गात प्रवेश कोणत्या दिवशी झाला, यावर ज्येष्ठता ठरते. नावापुढे किती अक्षरे आहेत, यावर नाही. म्हणजे दहा वर्षे सेवा झालेली शिक्षिका एम.एस्सी. झाली, म्हणून बारा वर्षे सेवा झालेल्या सहकाऱ्याच्या पुढे जात नाही. उलट निवड श्रेणीच्या वेळी ही पदवी उपयोगी पडते. अनुदानित शाळांत बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी अशी व्यवस्था आहे आणि निवड श्रेणीसाठी शैक्षणिक अर्हता वाढवलेली असणे अपेक्षित असते. म्हणून तिशीतील शिक्षिकेने आज घेतलेली पदवी पगाराच्या हिशेबात फळते ती पुष्कळ वर्षांनी. केवळ पगारासाठी शिकायचे असेल, तर ही मुदत ठेव फार लांब मुदतीची आहे, हे आधीच समजून घ्यावे.

पदवीकडे दार म्हणून पाहायचे झाले, तर सर्वांत स्पष्ट दार एम.एस्सी.चे आहे : माध्यमिक शाळेतून कनिष्ठ महाविद्यालयात. पण ते उघडण्याची किंमत मोठी आहे. बी.एस्सी. होऊन दहा वर्षे लोटली आहेत आणि या काळात रोजचा संबंध आला तो नववीच्या गतीच्या समीकरणांशी. अशा शिक्षिकेला भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात अभिजात यामिकी, पुंजयामिकी आणि गणितीय भौतिकी एकदम समोर येतात. गणित गंजलेले असते. ज्यांनी हा अनुभव घेतला त्यांचा सल्ला एकच असतो : प्रवेशाआधी सहा महिने बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची पुस्तके पुन्हा काढावीत आणि उदाहरणे कागदावर सोडवावीत. शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर नामवंत संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. या उजळणीसाठी ती पुरेशी आहेत. पदवीचा पर्याय म्हणून मात्र त्यांच्याकडे पाहू नये.

ज्या शिक्षिकेची विषयाची ओढ खरोखर खोल आहे, तिने जवळच्या महाविद्यालयापुरता विचार न करता ‘जाम’ या परीक्षेची माहिती करून घ्यावी. आय.आय.टी.मधील एम.एस्सी.साठी ही संयुक्त प्रवेश परीक्षा २००४ पासून होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, सांख्यिकी, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे विषय तिच्यात आहेत. वयाची अट नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पस्तीस वर्षांची शिक्षिका एकवीस वर्षांच्या मुलांसोबत परीक्षेला बसू शकते. जागा मिळाल्यास दोन वर्षे वसतिगृहात राहण्याचा प्रश्न येतो आणि लहान मुले असलेल्या घरात तो सुटतोच असे नाही. तरीही शक्यता ठाऊक असणे वेगळे आणि ती विचारात घेऊन बाजूला ठेवणे वेगळे.

नोकरी न सोडता एम.एस्सी. करणे विषयानुसार सोपे वा कठीण ठरते. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून ते दूरस्थ पद्धतीने सर्वांत सुलभ. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे गणिताबरोबरच भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचेही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. मात्र प्रात्यक्षिकांसाठी नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावेच लागते आणि ते केंद्र आपल्या गावापासून किती लांब आहे, हे अर्जाआधी पाहणे शहाणपणाचे. अनुमापन किंवा वर्णपट मोजणी पडद्यावर पाहून येत नाही. कोणत्याही दूरस्थ अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या वर्षाची मान्यता आहे की नाही, हे आयोगाच्या यादीवरून स्वतः तपासावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

इथवर विषयज्ञानाचा विचार झाला. परंतु विषय अधिक कळला म्हणजे शिकवणे आपोआप सुधारते, हे मात्र खरे नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी एका माहितीपटासाठी २३ जणांना एक साधा प्रश्न विचारण्यात आला. त्यांत नुकतेच पदवीधर झालेले होते, माजी विद्यार्थी होते, अध्यापकही होते. प्रश्न होता, उन्हाळा आणि हिवाळा का होतो? २३ पैकी २१ जणांना बरोबर उत्तर देता आले नाही. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, असे त्यांतील अनेकांनी आत्मविश्वासाने सांगितले. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते. तेव्हा आपल्याकडे गोधड्या बाहेर निघालेल्या असतात. सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, ती जुलैच्या आरंभी असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. हे सारे त्या पदवीधरांनी शाळेत कधीतरी वाचले असणारच. पण लहानपणी शेकोटीजवळ बसून बांधलेली ‘जवळ म्हणजे गरम’ ही कल्पना पाठ्यपुस्तकाने हललीच नाही.

आपल्या वर्गांत हेच रोज घडते. विजेच्या परिपथात पहिला दिवा वीज ‘खातो’ आणि उरलेली दुसऱ्याकडे जाते, असे मुलांना वाटते. झाड आपले अन्न मातीतून घेते, असे वाटते. जड दगड आधी पडतो, असे वाटते. परीक्षेत ती पुस्तकातील उत्तर लिहितात, गुण मिळवतात आणि मनातील कल्पना जशीच्या तशी घेऊन पुढच्या इयत्तेत जातात. एम.एस्सी.च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत ही मुले येत नाहीत.

ली शुल्मन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये या गोष्टीला नाव दिले. शिक्षकाकडे विषयाचे ज्ञान असते, अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धतींचे ज्ञान असते आणि या दोहोंपलीकडे तिसरेही एक ज्ञान असते : हाच धडा, याच वयाच्या मुलांना, कोणत्या उदाहरणाने उलगडेल आणि ती कोठे अडखळतील, याचे. व्यापारी कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सुताचा नंबर आणि विणीचा पोत अचूक ओळखणारा माणूस गिरणीत चांगला ठरतो. गिऱ्हाइकाची शंका बोलण्याआधी ओळखून नेमके तेच ठाण उलगडणारा माणूस गादीवर लागतो. दोन्ही जाण एकाच माणसात असतील, तर ती पेढी चालते.

हे तिसरे ज्ञान पदव्युत्तर शिक्षणात कोठे मिळते? सरळ उत्तर एम.एड. असे दिले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. २०१४ च्या नियमांनंतर बी.एड.प्रमाणे एम.एड.ही दोन वर्षांचे झाले. त्यात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधनपद्धती आणि एक प्रबंधिका असते. विज्ञानाचा वाटा बहुधा प्रबंधिकेच्या विषयापुरता उरतो. म्हणून एम.एड. करणाऱ्या विज्ञान शिक्षिकेने प्रबंधिकेसाठी ‘विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीचा अभ्यास’ असा गुळगुळीत विषय घेऊ नये. आपल्याच आठवीच्या वर्गात विद्युतप्रवाहाविषयी कोणत्या कल्पना आहेत आणि कोणत्या प्रयोगाने त्या बदलतात, असा विषय घ्यावा. मार्गदर्शक कदाचित नाराज होतील, कारण तयार प्रश्नावली वाटण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे. पण त्या एका प्रबंधिकेतून शिक्षिकेला जे मिळते, ते उरलेल्या अभ्यासक्रमाच्या तोडीचे असते.

एम.एड.विषयी आणखी एक खाचखळगा. ‘एम.एड. केले की बी.एड. महाविद्यालयात शिकवता येते’ असे सांगितले जाते. विज्ञान अध्यापनपद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्हींची अट घातली आहे, आणि दोन्हींत ५५ टक्के गुण. बी.एस्सी., बी.एड.वरून थेट एम.एड.ला गेलेल्या शिक्षिकेचे हे दार अर्धेच उघडते. ज्यांच्या मनात पुढे अध्यापक महाविद्यालयात जाण्याचे आहे, त्यांनी आधी एम.एस्सी. व मग एम.एड. असा क्रम ठेवलेला बरा. म्हणजे मधल्या काळात कनिष्ठ महाविद्यालयाचाही मार्ग मोकळा राहतो.

शिक्षणशास्त्रातील एम.ए. हा आणखी एक मार्ग. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणावरील एम.ए. सुरू केले, ते नोकरी करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून : काही आठवडे संस्थेत आणि उरलेला अभ्यास आपल्या गावी. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचे शिक्षणातील एम.ए. पूर्णवेळ, दोन वर्षांचे आहे. या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेले लोक पाठ्यपुस्तके लिहितात, शिक्षक-प्रशिक्षण करतात, शिक्षणसंस्था चालवतात. ज्या कुटुंबाची स्वतःची शाळा आहे किंवा ज्यांच्या घरातील कोणी समाजाच्या शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर आहे, त्यांनी या मार्गाकडे अधिक गांभीर्याने पाहावे. शाळेची इमारत बांधणारे दाते आपल्याकडे उदंड आहेत. शाळेत काय आणि कसे शिकवावे, हे जाणणारी माणसे मंडळावर विरळ.

आणि ज्यांना खोल जायचे आहे, त्यांच्यासाठी मानखुर्दला एक असे ठिकाण आहे, ज्याची माहिती मुंबईतल्याही पुष्कळ शिक्षकांना नसते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय केंद्र आहे. विज्ञान ऑलिंपियाडमुळे त्याचे नाव पालकांना ठाऊक असते, पण तेथे विज्ञानशिक्षण या विषयात शिष्यवृत्तीसह पीएच.डी. करता येते, हे फारसे कोणी सांगत नाही. केंद्राचे आरंभीचे काम जळगाव जिल्ह्यातील खिरोदे परिसरातील शाळांत आणि मुंबईच्या महानगरपालिका शाळांत झाले. त्या काळात तेथील संशोधकांना एक प्रश्न सतावत होता : मुलांना विज्ञान कठीण जाते, की विज्ञानाच्या पुस्तकातील भाषा? पाठ्यपुस्तकातील मजकूर सोप्या मराठीत लिहून त्यांनी त्याचा परिणाम तपासला, आणि भाषेचा अडसर खरोखरच मोठा असल्याचे आढळले. खानदेशातील किंवा मराठवाड्यातील वर्गात ‘अपस्करण’, ‘अपवर्तनांक’ हे शब्द फळ्यावर लिहिताना मुलांचे चेहरे पाहिलेल्या शिक्षिकेला या संशोधनाचे मोल कोणी पटवून देण्याची आवश्यकता नाही. किंबहुना असे प्रश्न तिच्याइतके जवळून कोणी पाहिलेलेच नसतात.

पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे अशी मुदत आहे. महिलांना दोन वर्षे अधिक मिळू शकतात आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करता येते, त्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. मात्र होत नाही. तशी जाहिरात दिसली, तर ती तेथेच सोडून द्यावी.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे, तर एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. ‘कॉलेजला येण्याची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असे सांगून बी.एड. आणि एम.एड.चे प्रवेश देणारी महाविद्यालये आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने नोकरी करणाऱ्या, सुस्थितीतील कुटुंबांतून येते. नियमाप्रमाणे या अभ्यासक्रमांना ८० टक्के आणि शाळेतील प्रत्यक्ष कामाला ९० टक्के उपस्थिती अनिवार्य आहे. एकाच दिवशी एका गावात मस्टरवर शिक्षिका म्हणून आणि दुसऱ्या गावात विद्यार्थिनी म्हणून सही असणे, हे पुढे पडताळणीत उघडे पडले तर पदवीबरोबर नोकरीही धोक्यात येते. आणि पडताळणीत सापडले नाही, तरी न दिलेले घेणे याला आपल्याकडे एक जुना, स्पष्ट शब्द आहे. दुकानात नकली माल ठेवणार नाही अशी ख्याती तीन पिढ्या जपलेल्या घराने नकली हजेरीची पदवी भिंतीवर लावू नये.

प्रामाणिक मार्गही आहेत. संस्थेकडून अभ्यासरजा मागता येते. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास अनुमती दिली. त्यानुसार एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ असे चालतात. पीएच.डी.ला ही सवलत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, जे १९८९ मध्ये स्थापन झाले, ते तर सेवेतील शिक्षकांना घरापासून न तोडता शिकवण्यासाठी ओळखले जाते.

पैशाचा प्रश्न व्यापारी घरात सहसा अडत नाही. पण सर्व घरे सारखी नसतात. मंदीत दुकान बंद करावे लागलेली, भाड्याच्या गाळ्यात उभी असलेली कुटुंबेही समाजात आहेत. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेस उत्पन्नमर्यादेत बसणारी जैन कुटुंबे पात्र ठरतात. संकोचापोटी अनेक जण अर्जच करीत नाहीत.

खरी टंचाई असते ती वेळेची. शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे, चातुर्मासातील पाहुणे, लग्नसराई. यांतून पुंजयामिकीसाठी रोज दोन तास कोठून आणायचे? अनेक पदव्या अपुऱ्या राहतात त्या येथे. याबाबतीत सूर्यास्तापूर्वी जेवण करणाऱ्या घरांना एक सोय आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. अशा घरात साडेसात वाजेपर्यंत स्वयंपाकघर आवरलेले असते. इतर घरांत नऊ-साडेनऊला मिळणारी निवांत वेळ येथे दोन तास आधी मिळते. ती दूरदर्शन मालिकांत जायची की अभ्यासात, हे एकट्या सुनेच्या हाती नसते. दुकानातून परतलेल्या माणसांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतले, मुलांची वह्या-पुस्तके पाहिली, तर ते दोन तास टिकतात. सासूबाईंनी ‘‘दार लावून बस, मी पाहते’’ एवढे म्हटले, तरी पुष्कळ होते.

समाजाला याचा विसर पडू नये, म्हणून एक आठवण. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील याच समाजातले. ओगले यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडलेला हा माणूस. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारे विद्यालय सुरू केले. कारण शाळा काढता येतात, शिक्षक तयार करावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते. उदयपूरच्या जैन कुटुंबातील भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये शाळेची पहिली दहा वर्षे सर्व मुलांना विज्ञान व गणित सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. आज दहावीपर्यंत प्रत्येक मूल विज्ञान शिकते, म्हणूनच प्रत्येक गावाला विज्ञान शिक्षिका लागते.

ज्यांच्या घरात मुलगी आता बारावीला आहे आणि शिक्षिकाच व्हायचे म्हणते, त्यांच्यासाठी मार्ग अधिक सुटसुटीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत बारावीनंतर विज्ञान आणि शिक्षणशास्त्र एकत्र शिकता येते. महाराष्ट्र व गोवा भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतात. म्हैसूरच्या संस्थेत सहा वर्षांचा एम.एस्सी.एड. असा सलग अभ्यासक्रमही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट आहे. आधीच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचे, आणि विषयात एम.एस्सी. झालेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. अशीही तरतूद त्यात सुचविली आहे.

ज्या सुनेपासून हा विषय निघाला, तिने मात्र या वर्षीचे कॅलेंडर समोर घेऊन बसावे. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. जुलैचे सत्र शिक्षिकेला बरे, कारण जानेवारीत दहावीच्या सराव परीक्षा असतात. एम.एड.ची सामायिक प्रवेश परीक्षा राज्याचा परीक्षा कक्ष घेतो आणि तिच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे शाळेच्या सूचनाफलकाइतकेच त्याच्या संकेतस्थळावरही लक्ष ठेवावे लागते. ‘जाम’ची परीक्षा फेब्रुवारीत, नेमक्या बोर्डाच्या परीक्षांच्या धामधुमीत येते. तिचे अर्ज मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात, म्हणजे दिवाळीच्या वहीपूजनाची तयारी सुरू होण्याच्या सुमारास.